पुरवणी न घेण्याच्या शपथेची बखर

श्री वीजदेवता प्रसन्न. खेळ चालतां वीज न जावो, पडदा न गोठो, आणि लिहिणाराचें डोकें ठिकाणावर राहो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिकापासून पौषापर्यंत मोरगिरीच्या पथकांत जें वर्तमान जाहलें तें पथकाचे चिटणीसानें, म्हणजे म्यां, आठवेल तैसें लिहिलें आहे. वाचणारानें मध्येंच कोणाची बाजू घेऊन उठूं नये. बाजू घेणारे आमचेकडे बहुत जाहले, आणि त्यांणींच घोळ केला.

राज्य म्हणावें तर तें संगणकाचे पडद्यावरील. ज्यानें त्यानें आपले घरीं खुर्चीवर बसून कळफलक बडवावा, आणि पडद्यावर घोडा दौडावा, गड चढावा, गनीम कापावा, ऐसा तो गडकोटांचा खेळ. त्या राज्याचें सरकार म्हणजे एक कंपनी. ती कोठें बसते, काय खाते, कोणीं पाहिलें नाहीं. हुकूम मात्र नित्य येत. आमचें पथक पांच जणांचें. पथकप्रमुख येसोपंत करंजगावकर, बोलण्यांत कोणास हार न जाणारे, पानसंबळ बंधू थोरले व धाकटे, जे पंत म्हणतील त्यास मान डोलावणारे, जानकाबाई शितोळे, ज्या पडलेल्या गड्याच्या जखमा बांधून त्यास उभा करीत, आणि मी. जानकाबाई नोकरीस्तव समुद्रापलीकडे गेल्या होत्या, आणि त्या गांवीं मराठी बोलणारें माणूस नाहीं, म्हणोन आइतवारचा पथकाचा एक प्रहर त्यांस सणासारखा असे. आणि पथकाची चाल ऐसी कीं आमच्या मोरगिरी गडावर एक नगारा, आणि कोणी रणांत पडला म्हणजे त्यानें तो वाजवावा, आणि बाकीच्यांनीं भाजी चुलीवर असो, पाहुणे दारांत असोत, हातचें टाकून धांवावें. पडलेला गडी एक घटका तैसाच पडून राहतो, आणि तोंवर कोणी न आल्यास नाहींसा होतो, आणि त्याजकडील गड जातो. सात वर्षें नगारा वाजला आणि कोणी आला नाहीं, ऐसें जाहलें नव्हतें.

मग सरकारचा हुकूम आला. घाटापलीकडे एक मुलूख पहिल्यापासून दिसे, त्यांत शेवटचा गड दिसे, आणि दरवाजावर पाटी कीं काम चालू आहे. सात वर्षें आम्ही ती पाटी पाहिली. आतां दरवाजा उघडला, परंतु आंत जाणेस पुरवणी म्हणोन वेगळे बाराशें रुपये, आणि जो देईल त्याचे पागोट्यावर तांबडा तुरा, जो काढतां येत नाहीं. हें ऐकून येसोपंत ऐसे खवळले कीं त्यांणीं तीन प्रहर भाषण केलें, आणि सर्व पथकांची सभा मोरगिरीचे सदरेवर बोलाविली, आणि बोलिले, "ताट मांडलं, भात वाढला, आणि आता म्हणतात वरणाचे पैसे वेगळे. आज आपण दिले, तर उद्या मिठाचे मागतील. एकानेही घ्यायची नाही. घेईल त्याच्याशी पथकाने बोलायचं नाही, आणि तो पडला तरी धावायचं नाही." सभेनें माना डोलाविल्या. बोलणें खरें होतें, हें मीही मान्य करितों. अन्याय तो अन्यायच.

पुढें शपथ घ्यावी, ती बेलाचें पान व हळदीचा भंडार हातीं घेऊन घ्यावी, ऐसें ठरलें. परंतु त्या राज्यांत बेल कोठें उगवतो? शोध करितां सरकारचेच दुकानीं पूजासाहित्य म्हणोन बेलभंडार चाळीस रुपयांस मिळतो ऐसें कळलें. आणि मग, काय सांगावें, सरकारास कवडी न देण्याची शपथ घेणेसाठीं साडेतीनशें असामींनीं सरकारच्या दुकानीं रांग लाविली आणि चाळीस चाळीस रुपये मोजले. मी पंतांस हळूच म्हटलें, "पंत, आपण हे काय करतोय?" ते म्हणाले, "चिटणीस, तुम्ही लिहा. तत्त्वाच्या गोष्टीत खोड काढू नका." म्यां लिहिलें. म्यांही चाळीस दिले.

शपथेची पाळी जानकाबाईंवर आली तेव्हां त्यांणीं हात मागें घेतला, आणि बोलिल्या, "पंत, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण मी शपथ घेत नाही. तुम्ही सगळे महिन्याभरात तिकडे दिसाल, आणि मी इकडे एकटी बसेन. मला आठवडाभर इथे कोणी नावाने हाक मारत नाही. खोटी शपथ घेण्यापेक्षा न घेतलेली बरी." सभेंत मोठा कल्लोळ जाहला. पंतांनीं त्यांचें नांव पथकाचे यादींतून काढविलें, आणि काढणारा हात माझा होता, आणि मला तें तेव्हांही आवडलें नाहीं. बाई घोडा वळवून घाटाकडे निघोन गेल्या, आणि पुरवणी घेतली, आणि तुरा लागला. मग आम्ही नेमानें त्यांजकडे पाठ फिरवूं लागलों. आइतवारीं गडाखालीं तांबडा तुरा दिसला कीं मी बुरुजावर तोंड फिरवून बसें.

पंधरवडा लोटला. मग धाकटे पानसंबळ म्हणाले, पुरवणी किती वाईट आहे तें लिहिणेस एकवार पाहणें जरूर आहे, आणि गेले, ते परत आले नाहींत. मग थोरले म्हणाले, धाकट्यास परत आणितों, आणि तेही गेले. मग पुढील आइतवारीं येसोपंत सदरेवर आले ते डोईवर घोंगडी घेऊन. म्यां विचारिलें, "पंत, उन्हात घोंगडी?" ते म्हणाले, "डोकं दुखतंय." खेळांतील मनुष्याचें डोकें दुखतें हें म्यां त्या दिवशीं नवें ऐकिलें. तुऱ्याचें टोंक घोंगडींतून वर आलें होतें, आणि तरीही त्यांणीं बहिष्कारावर घटकाभर भाषण केलें. त्याउपरी तेही दिसेनासे जाहले, आणि मागोमाग बाकीचीं पथकेंही एकेक करून घाटापलीकडे गेलीं. साडेतीनशें असामींची सदर, तिजवर मी एकटा. शपथ म्यां फारशी मनापासून घेतलीही नव्हती. आणि ती पाळणारा एकटा मीच निघालों, याचा मला संताप कोणावर काढावा तें कळेना.

आणि मग मार्गशीर्षांत, आइतवारींच, गनिमाचे तीनशें स्वार गडावर चालून आले. पांचांनीं राखावयाचा गड एकटा काय राखणार? मी दरवाजांत पडलों, आणि नगारा वाजविला, आणि वाट पाहिली. घाटापलीकडे तो नगारा ऐकूं जात नाहीं, हें ठाऊक असोन वाजविला. अर्धी घटका गेली. सात वर्षांत प्रथमच कोणी येत नव्हतें, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या म्यां रिकाम्या खोलींत मोठ्यानें "या ना कोणीतरी" म्हटलें, हें लिहावयास लाज वाटते, तरी लिहितों. इतक्यांत घोड्याच्या टापा, तांबडा तुरा, आणि जानकाबाई. दरवाजांतील स्वार रेटून त्या आंत आल्या आणि माझ्या जखमा बांधूं लागल्या.

म्यां म्हटलें, "बाई, तुमच्याशी बोललो तर माझी शपथ मोडेल."

"बोलू नका, चिटणीसकाका. पडून राहा नुसते."

"नगारा ऐकू आला?"

"कुठला ऐकू येतोय. मी दर रविवारी येते. तुम्ही तोंड फिरवून बसता, मी गडाला एक चक्कर मारून जाते."

मी लज्जित जाहलों. मग दोघांनीं मिळोन दरवाजा राखिला, आणि गड राहिला, आणि उपरांत पायरीवर बसोन म्यां विचारिलें कीं पुरवणी कैसी आहे. बाई म्हणाल्या, "भिकार. नदीत पाणी नाही, घोडे भिंतीत अडकतात. पंत रोज शिव्या देतात आणि रोज येतात. तुम्हीही या ना, मी घेऊन देते." म्यां नको म्हटलें. त्यांणीं आग्रह केला नाहीं, आणि त्याचेंच मला अधिक वाईट वाटलें.

सरकारचे हेर सर्वत्र असतात. मोरगिरीवर नगारा वाजला आणि पलीकडे कळला नाहीं, हें त्यांणीं टिपलें असावें. कारण पौषांत दुसरी पुरवणी निघाली, तीनशें रुपये, आणि तींत एकच जिन्नस: घाटावरून ऐकूं जाणारा नगारा. जो सात वर्षें फुकट ऐकूं येई तोच. येसोपंतांचें तांतडीचें पत्र आलें कीं हा तर कळस जाहला, पुनः सभा, पुनः शपथ, आइतवारीं सायंकाळीं, बेलभंडार ज्याचा त्यानें आणावा, आणि चिटणीसानें शपथेचा मसुदा सकाळींच करून ठेवावा. म्यां मसुदा केला. वळणदार अक्षर काढिलें, एकही शब्द ढिला ठेविला नाहीं. मग सरकारच्या दुकानीं गेलों आणि तीनशें रुपये भरले, आणि गडावर येऊन तो नगारा एकवार वाजविला, कीं बाईंनीं घेतला असल्यास त्यांस कळावें. घाटापलीकडून लागलीच उत्तर आलें. तें जानकाबाईंचें ऐसें म्हणतों आहें, तों मागोमाग आणखी तीन नगारे वाजले.

शपथेस अद्याप तीन प्रहर अवकाश होता.

येणेंप्रमाणें दोन्हीं बहिष्कारांचें वर्तमान. सरकारानें अन्याय केला तो केलाच, त्यास आमची तक्रार कायम आहे. जानकाबाईंचें नांव यादींत पहिल्या ओळींत घातलें आहे. बेलभंडार मजपाशीं थोडा शिल्लक आहे. कोणास शपथ घेणें असेल त्यानें घेऊन जावा. लेखनसीमा.