बायंडरकाकांची शंभर टक्के हजेरी

सुनेने विद्यापीठातल्या ऑफिसातून आल्या आल्या पर्स खुर्चीवर फेकली, कडेवरच्या लेकीला, ठकीला, जमिनीवर सोडलं आणि एक परिपत्रक बायंडरकाकांच्या चहाशेजारी आपटलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

काकांनी चष्मा लावला. विद्यापीठाच्या परिषदेने कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर बंद केलं होतं. त्या खोलीत आता पाहुण्यांसाठी विश्रांतिकक्ष होणार होता. सूचक, विद्यापीठ अभियंता. अनुमोदक, कर्मचारी प्रतिनिधी, आणि पुढे चक्क काकांचं नाव, आडनावासकट.

बायंडरकाकांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं पुस्तकं बांधली होती. शेवटी शेवटी कर्मचाऱ्यांनी त्यांना परिषदेवर निवडूनही दिलं होतं. पण निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते परिषदेच्या सभागृहाची पायरीही चढले नव्हते.

"अगं, मी घरी असतो! मी कशाला अनुमोदन देऊ?"

"सगळं ऑफिस विचारतंय मला, सासऱ्यांशी भांडलीस का म्हणून. आज ठकीला टेबलावर बसवून काम केलं, तर तिने एका मुलाची गुणपत्रिका चावली. साहेब म्हणाले, आठ दिवसांत सोय करा, नाहीतर बिनपगारी रजा टाका. एकदा रजेवर गेले की माझी खुर्ची गेलीच म्हणून समजा."

काकू दिवसभर शिवणकामाच्या दुकानात असत. काकांच्या हवाली ठकीला एकदाच केलं होतं. तेव्हा काकांना डुलकी लागली आणि ठकी दोन मजले वरच्या घरात दुसऱ्यांचं जेवण जेवताना सापडली. तेव्हापासून तो विषय घरात कोणी काढत नसे.

"घरात पडदे कुठले घ्यायचे याला तुमचा होकार मिळायला महिना लागतो," काकू आतून म्हणाल्या, "आणि तिथे बरं झटकन अनुमोदन दिलंत!"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते विद्यापीठाच्या फाटकावर हजर झाले. पहारेकऱ्याने पाससाठी विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"मलाच. मी आत काय काय करतोय ते बघायचंय."

पहारेकऱ्याने नोंदवहीत 'वैयक्तिक काम' असं लिहिलं आणि सोडलं.

परिषदेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई स्वभावाने सरळ होत्या. त्यांनी काहीच लपवलं नाही. "काका, मी रुजू झाले तेव्हा मला सांगितलं, मागच्या बैठकीचं इतिवृत्त घ्या, तारीख बदला, विषय बदला, बाकी तसंच ठेवा. उपस्थितांच्या यादीत तुमचं नाव होतं. मी ते ठेवलं."

"आणि अनुमोदन?"

"अभियंते सुचवतात, तुम्ही अनुमोदन देता. असाच साचा आहे."

काकांनी फाइल मागून घेतली. तीन वर्षांत एकोणीस बैठका झाल्या होत्या आणि ते एकोणीसच्या एकोणीस बैठकांना हजर होते. कर्मचाऱ्यांसाठीचं मागचं फाटक बंद करायला त्यांनी अनुमोदन दिलं होतं. जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांनी कमी करायलाही दिलं होतं. निवृत्त कर्मचाऱ्यांना ग्रंथालयात प्रवेश बंद, हा ठरावही त्यांच्याच अनुमोदनाने झाला होता. ज्याने कोणी हे केलं त्याचा सत्यानाश होवो, असं ते वर्षभर रोज सकाळी म्हणत आले होते.

शेवटच्या पानावर शंभर टक्के उपस्थितीबद्दल कर्मचारी प्रतिनिधींच्या अभिनंदनाचा ठराव होता. त्यालाही अनुमोदन त्यांचंच होतं.

"हे काढून टाका! माझं नाव आत्ताच्या आत्ता काढा!" काका ओरडले. बाईंनी घाबरून मान डोलावली.

काका तडक कुलसचिवांच्या खोलीत शिरले. विद्यापीठाचे सगळे नियम, निवडणुका आणि बैठका कुलसचिवांच्या हातात असतात. या कुलसचिवांच्या हातात आणखी एक कला होती. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ते टाचण्या एका रेषेत लावत बसायचे.

"चूक झाली असेल," ते म्हणाले. "दुरुस्त होऊ शकते. पण फक्त बैठकीत. आणि कर्मचाऱ्यांच्या विषयावरची दुरुस्ती कर्मचारी प्रतिनिधीच मांडू शकतात."

"मग प्रतिनिधी कोण आहे?"

"कागदोपत्री तुम्ही."

"म्हणजे मी प्रतिनिधी नाही, हे मीच बैठकीत येऊन सांगायचं?"

"हो. पण तुम्ही प्रतिनिधी नसाल, तर तुम्हाला बैठकीत बसता येणार नाही."

"मी निवृत्त झालो तेव्हा निवडणूक का नाही घेतलीत?"

"कोणी मागणी केली नाही. कर्मचाऱ्यांना रस नसतो हो." कुलसचिवांनी शेवटची टाचणी लावली.

काका घरी आले ते धुमसतच. लोकांना निवडणूक आहे हे कळू द्यायचं नाही आणि वर रस नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? सुनेने मात्र आदळआपट थांबवून विद्यापीठाचा अधिनियम मिळवला. ऑफिसच्या कपाटात नवाकोरा पडला होता. पानं एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे आजवर कोणी उघडला नव्हता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की पंचवीस कर्मचाऱ्यांनी सह्या करून मागणी केली, तर तो विषय पुढच्याच बैठकीत घ्यावा लागतो.

"बाबा, हे आपल्याला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही?"

"मी परिषदेवर होतो तेव्हा मलाही सांगितलं नाही," काका ओशाळून म्हणाले.

सुनेने दोन दिवसांत एकशे चाळीस सह्या जमवल्या. माळी, शिपाई, प्रयोगशाळेतले मदतनीस, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणी, सगळ्यांनी केल्या. मागच्या फाटकाच्या रागाने काहींना सही दोनदा करायची होती. पाळणाघर पुन्हा सुरू करा आणि प्रतिनिधीची निवडणूक घ्या, असे दोन विषय गुरुवारच्या बैठकीत घ्यावेच लागले. कुलसचिवांनी ते सर्वांत शेवटी टाकले.

गुरुवारी काका इस्त्रीचा सदरा घालून सभागृहात गेले. एका खुर्चीपुढे त्यांच्या नावाची पाटी आणि पाण्याचा ग्लास होता. तीन वर्षं त्या रिकाम्या खुर्चीपुढे पाणी भरलं जात होतं आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"आपण नवीन का?" शेजारच्या प्राध्यापकांनी आपुलकीने विचारलं.

"तीन वर्षं तुमच्या शेजारीच आहे," काका म्हणाले.

यादीतला दुसरा विषय कुलसचिवांच्या मुदतवाढीचा होता. तो चुटकीसरशी मंजूर झाला. शेवटच्या विषयाला काका उभे राहिले आणि त्यांचा बांध फुटला.

"साहेब, मी इथे नव्हतो! एकोणीस ठिकाणी माझं नाव घालून तुम्ही माझ्याच माणसांची गैरसोय केलीत. आज अठरा लेकरं कुलपाबाहेर आहेत. त्यांच्या आया काम सोडायच्या बेतात आहेत. आणि लोक शिव्या मला देतायत!"

अध्यक्षस्थानी बसलेले कुलगुरू गडबडले. त्यांनी विधी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी बोटांवर मोजलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की बैठक वैध व्हायला नऊ सदस्य लागतात. काकांना धरून नऊ होतात. काका प्रतिनिधी नाहीत असं ठरलं, तर तीन वर्षांतला एकही ठराव टिकणार नाही.



"नाही नाही, निवडणूक होईपर्यंत हेच प्रतिनिधी," कुलगुरू घाईघाईने म्हणाले. "पाळणाघर सुरू करा. महिन्याभरात निवडणूक घ्या. सगळ्यांना मान्य?"

सगळ्यांना मान्य होतं. त्या संध्याकाळी काका घरी जिलेटीनचा कागद लावलेल्या मिठाईचा पुडा घेऊन आले आणि ठकीने त्यातला कागद खाल्ला.

सोमवारी सून पाळणाघराशी गेली तर कुलूप तसंच होतं. ती कुलसचिवांकडे गेली. ते कधी नव्हे ते हसत होते.

"बाई, ठराव टिकत नाही. हे पाहा इतिवृत्त. कर्मचारी प्रतिनिधी अनुपस्थित. सदस्य आठच. बैठकच वैध नाही."

काकांनी ओरडून नाव काढायला सांगितलं होतं आणि इतिवृत्ताच्या बाईंनी ते साच्यातून इमानेइतबारे काढलं होतं. काका जन्मात ज्या बैठकीत सगळ्यांत जास्त बोलले, तिथे ते गैरहजर होते.

सुनेने कागद दोनदा वाचला. मग शांतपणे विचारलं, "सर, बैठकच वैध नसेल तर दुसऱ्या विषयाचं काय? तुमची मुदत या महिनाअखेर संपतेय ना?"

कुलसचिवांच्या हातातल्या टाचण्या खाली सांडल्या.

संध्याकाळी काका ठकीला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा दारावरची बेल वाजली. कुलसचिव स्वतः आले होते. हातात स्टॅम्प पेपर होता आणि कपाळावर घाम.

"काका, एक छोटीशी औपचारिकता. गुरुवारी तुम्ही बैठकीला हजर होतात, असं प्रतिज्ञापत्र हवंय. दोन साक्षीदारांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत आणि एक फोटो."

काका उठून उभे राहिले.

"एकोणीस वेळा मी आलो नाही, तेव्हा कोणी एक सही विचारली नाही. एकदा खरोखर आलो, तर पुरावा मागताय?"

"नियमच तसा आहे हो," कुलसचिव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"द्या इकडे, करतो," काका म्हणाले. "पण आधी पाळणाघराचं कुलूप काढा, आणि निवडणुकीची नोटीस लावा. मगच माझी हजेरी."

कुलसचिवांनी मदतीच्या आशेने सुनेकडे पाहिलं. ती टेबलापाशी बसून काहीतरी भरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सर, उमेदवारी अर्ज तुमच्याकडेच द्यायचा असतो ना? मग आलाच आहात तर घेऊनच जा."