सहा वाजताचं पाणी

शनिवारी सकाळी वडिलांचा फोन आला, तेव्हा माधवी अमरावतीत कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होती.

"माधवी, घोळ झाला. अख्ख्या गल्लीचं पाणी मी नालीत घातलं."

खुशालराव इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. अकोल्याच्या जुन्या शहरात घराच्या ओसरीवर ते गल्लीतल्या मुलांना फुकट शिकवत. शुक्रवारी भविष्यकाळ होता. आभाळ भरून आलेलं दिसलं की 'गोइंग टु', मनात आत्ताच आलं की 'विल', आणि आधीच ठरलेलं असलं की 'इज कमिंग'. या शेवटच्यासाठी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'द वॉटर इज कमिंग ॲट सिक्स टुमारो.'

समोरच्या केशरबाईंनी नातीला विचारलं, "सरनं काय लिवलं वं, आचल?"

"उद्या सहा वाजता पाणी येऊन राहिलं."

आचलचं भाषांतर इतकं अचूक पूर्वी कधी उतरलं नव्हतं. 'पण हे उदाहरण आहे' असं तिनं म्हणायच्या आत केशरबाई चार घरं फिरून आल्या होत्या.

गल्लीत नळाला पाचव्या दिवशी पाणी. नवं यायच्या आधी शिळं फेकून ड्रम घासायचे, ही तिथली रीत. सरांच्या अक्षरावर शंका घेणारं कोणी नव्हतं. पहाटे पाचला गल्लीभर ड्रम पालथे झाले. सात वाजले तरी नळ कोरडेच. शालिकरामला मुलगी पाहायला परतवाड्याला जायचं होतं. तो डोक्याला साबण लावलेला तसाच ओसरीसमोर येऊन उभा राहिला.

"सर, पाणी कधी येते?"

"सोमवारी."

"मंग फळ्यावर काहून लिवलं?"

"उदाहरण होतं, शालिकराम."

"आमाले काय माईत? तुमी आजलोक खोटं लिवलं नाही."

"मग?" माधवीनं फोनवर हसू दाबत विचारलं.

"मग काय. आपल्या टाकीतलं सगळ्यांना वाटलं. शालिकरामचं डोकं आधी धुतलं. घरात आता दोन तांबे उरले." मग त्यांनी विचारलं, "उद्या रविवार. येशील का?"

"बघते, बाबा."

"या तुझ्या 'बघते'ले मी अजून कोणत्याच काळात बसवू शकलो नाही."

सात रविवार ती 'बघते' म्हणत होती. कामं होती, आणि ती खरीच होती.

रविवारी पहाटे खुशालराव झोपेतच गेले. निरोप मिळताच निघालेली माधवी दहाच्या सुमारास अकोल्यात पोचली. गल्लीतल्या पुरुषांनी तिरडीची तयारी केली होती, कोणी मेणबत्त्या आणल्या होत्या. आता आंघोळ घालायची होती. ती स्वयंपाकघरात गेली. हंडा पालथा. ओट्यावर दोन तांबे. बाहेर जाऊन हे कसं सांगावं, ते तिला कळेना.

मागच्या दारानं केशरबाई आल्या. हातात झाकलेली बादली. "बहिणीकडून आणलं, माय. सरचंच समज."

त्यांच्या मागून शालिकराम आला, दोन्ही हातांत कॅन. "परतवाड्याचं हाये, ताई. पोरगी पाहायले गेलो अन् त्यायच्या विहिरीचं पाणी मांगून आनलं. काल सरनं देल्लं होतं न, ते वापस कराले."

"मुलीकडचे काय म्हणाले?"

"पाहून राहिले नुसते." तो गंभीरपणे म्हणाला. "कळवतो म्हनले."

मग लोक येतच राहिले. कळशी, बादली, कोणाची नुसती बाटली. आंघोळ झाली, पांढरे कपडे घालून झाले, तरी पाणी उरलं. ते टाकीत ओतलं तर टाकी काठोकाठ भरली.

त्रिसरण म्हणायला सगळे उभे राहिले. माधवी ओसरीवर आली, तेव्हा तिची नजर फळ्यावर गेली. पाण्याचं वाक्य पुसलेलं होतं. त्या जागी त्याच वळणदार अक्षरात होतं, 'माधवी इज कमिंग ऑन संडे.'

"काल सांजच्याले लिवलं," केशरबाई हळूच म्हणाल्या. "आचलनं वाचून दाखवलं. म्या म्हटलं, सर, हे बी उदाहरणच का? तं म्हने, असू द्या, याच्यात कोनाचं नुकसान नाही."

माधवी फळ्यासमोरून वळली. मग वडिलांच्या उशाशी जाऊन बसली. लोक थांबले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं कालच्या फोनचं उत्तर दिलं.

"हो बाबा. उद्या येते."