बंडीच्या चोरखिशातलं आधार

बसा हो, बसा. चहा ठेवला आहे, तोवर तुम्हाले देऊळघाटच्या उकंडरावची गोष्ट सांगतो. माणूस समुद्रावर गेला, पोटभर हिंडला, अन् परत जहाजावर चढायच्या वेळी तो स्वतःच आहे का दुसराच कोणी, हेच त्याले सांगता येईना. गोष्ट खरी आहे. थोडं मीठ माह्या हातचं, तेवढं चालवून घ्या.

उकंडराव म्हणजे सोयाबीन-हरभऱ्याचा शेतकरी. आवाज असा की या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर त्या धुऱ्यावरचे बैल थांबतात. पोरगा गोविंदा. मायबापाच्या लग्नाले चाळीस वर्षं झाले म्हणून त्यानं दोघायले मुंबईहून गोव्याले जाणाऱ्या मोठ्या जहाजाचं तिकीट काढून देलं. निघताना दहा वेळा बजावलं, "बाबा, जहाज थांबलं अन् तुम्ही खाली उतरले, तर दोन गोष्टी अंगावर पाहिजेत. एक जहाजाचं कार्ड, दुसरं आधार. एकट्या कार्डावर गेटवाले परत आत घेत नाहीत."

"मले शिकवतो काय बे? माहं आधार माह्या काळजाले चिकटून असते."

ते खोटं नव्हतं. उकंडरावच्या बंडीले आतून डाव्या बाजूनं चोरखिसा होता, त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, स्वतः शिवलेला. जे काही महत्त्वाचं, ते प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून त्या खिशात. मुंबईले जहाजावर चढताना तपासणीवाल्यानं नवराबायकोचे दोन्ही आधार पाहून एकावर एक ठेवून परत देले. उकंडरावनं एक उचललं, चोर पाहते की काय म्हणून इकडंतिकडं नजर फिरवली अन् झटकन खिशात कोंबलं. दुसरं गोजरबाईच्या बटव्यात गेलं. झालं.

पहिल्या रात्री जेवायले टेबलावर पुण्याचं जोडपं होतं. सुधाकरराव बँकेतून रिटायर झालेले, अन् त्यायची बायको शरयूताई. लय गोड माणसं. सुधाकररावनं विचारलं, "आपलं शुभनाव?"

उकंडरावनं घास हातातच धरला. या नावापायी शाळेत मास्तर हसला होता, लग्नात व्याही हसले होते, अन् दवाखान्यातली नर्स तर नाव पुकारताना दर वेळी खोकते. इथं काचेचे ग्लास, पांढरे रुमाल, समोर पुणं. तो बोलून गेला, "प्रेमानंद."

गोजरबाईच्या हातातला चमचा ताटात पडला.

खोलीत गेल्याबरोबर तिनं धरलं. "कोण हो हा प्रेमानंद?"

"गप बस ना वं. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"अन् तीन दिवस मी कोणाची बायको?"

उकंडराव कूस बदलून झोपला. पण तेव्हापासून जहाजाचं कार्ड कुठं दाखवायचं असलं की नावावर अंगठा दाबून धरे.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याच्या बंदरात लागलं. उकंडराव आंघोळीहून येऊन पाहते तर बंडी गायब. गोजरबाईनं सकाळीच साबण लावून धुतली अन् बाल्कनीच्या कठड्याले बांधून वाळत टाकली. तिचा नेमच तसा, पाणी दिसलं की धुणं काढायचं, अन् इथं तर चहूकडं पाणी. मग गोविंदानं घेऊन देलेला फुलाफुलाचा शर्ट घालून उकंडराव उतरला. वरच्या खिशात जहाजाचं कार्ड होतं. आधार काळजाजवळच आहे या भरवशावर तो दिवसभर हिंडला. पण काळजाजवळ होता नुसता जास्वंदीचा छाप.

संध्याकाळी साडेचारले चौघं परत आले. जहाज पाच वाजता सुटणार. सुधाकरराव अन् शरयूताईनं कार्ड दाखवलं, आधार दाखवलं, आत गेले. उकंडरावनं छातीवर हात नेला अन् तिथंच थिजला.

"अवं," तो हळूच म्हणे, "बंडी?"

"वाळते ना जहाजावर."

गेटवर भगवंतराव नावाचा गार्ड होता. मिशा पिकलेल्या, माणूस नियमाचा पक्का. "काका, नुसतं जहाजाचं कार्ड चालत नाही. सरकारी फोटोवालं काहीतरी दाखवा."

"जहाजावर राह्यलं हो साहेब."

"मग मी कसं ओळखू?"

गोविंदाले फोन लावला. लागेना. त्या वेळी तो वावरात, अन् त्या वावरात रेंज फक्त आंब्यावर चढलं तर येते. तेवढ्यात सुधाकरराव मदतीले मागं वळले, मागोमाग शरयूताईबी. भला माणूस, पण भल्या माणसाची मदत कधी कधी लय महागात पडते.

"अहो, मी ओळखतो यांना. हे आमचे प्रेमानंदराव!"

भगवंतरावनं उकंडरावच्या अंगठ्याखालून कार्ड ओढून काढलं. वाचलं. परत वाचलं. "कार्डावर तर उकंडा लिहिलंय. मग प्रेमानंद कोण? अन् ज्याचं हे कार्ड आहे तो माणूस कुठं आहे?"

सुधाकररावनं उकंडरावकडं पाह्यलं. उकंडरावनं समुद्राकडं पाह्यलं.

"बाई, तुम्ही सांगा," गार्ड गोजरबाईकडं वळला. "या माणसाचं नाव काय?"

गोजरबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "मी नाही घेत त्यायचं नाव. आमच्यात घेत नाहीत."

"अवं घे ना!" उकंडराव कावला. "जहाज सुटून राह्यलं, अन् तुले रीत सुचून राह्यली!"

"कोणतं घेऊ?" तीबी भडकली. "खऱ्याचं घेतलं तर रीत मोडते, अन् खोट्याचं घेतलं तर ते परक्या माणसाचं होते. चाळीस वर्षं झाले, मी परक्या माणसाचं नाव घेतलं नाही!"

आतून भोंगा वाजला. पावणेपाच झाले. उकंडरावले घाम फुटला. जहाज गेलं असतं तर दुसरं वाहन सापडलं असतं. पण शरयूताई जशी पाहून राह्यली होती, चोराकडं पाहतात तशी, ते त्याले सोसेना. शेवटी त्यानं हात जोडले.

"ताई, मीच तो उकंडा. खोटं बोललो मी. माह्या अगोदर मायचे चार लेकरं गेले. पाचव्या वेळी मी झालो, तं मायनं मले नेऊन उकिरड्यावर ठेवलं, म्हणजे यमाले वाटावं, टाकून देलेलं आहे, घेऊन काय करू. शेजारच्या कौशल्याबाईनं उचललं. मग मायनं सूपभर ज्वारी देऊन मले तिच्यापासून परत घेतलं. आमच्याकडं उकिरड्याले उकंडा म्हणतात, म्हणून नाव उकंडा. लोकं हसतात हो ताई. तुम्हीबी हसाल म्हणून लपवलं."

शरयूताई हसली नाही. तिनं चष्मा काढून पुसला. सुधाकरराव म्हणाले, "अहो, यात लपवण्यासारखं काय आहे? आईनं यमाला फसवलंय तुमच्या!"

भगवंतरावनं नाक ओढलं, पण नियम तो नियम. "काका, गोष्ट चांगली आहे. पण कागद?"

"कागद तो पाहा ना!" उकंडराव ओरडला, तिकडच्या धुऱ्यावर पोचणाऱ्या आवाजात. त्यानं बोट दाखवलं. समोर सात मजल्यांचं पांढरंशुभ्र जहाज, अन् त्याच्या एका बाल्कनीत, झेंडा फडकावा तशी उकंडरावची बंडी हलून राह्यली होती. "तिच्या आतल्या खिशात आहे. डाव्या बाजूनं. पन्नीत!"

भगवंतरावनं वायरलेस उचलला. जहाजावरचा माणूस खोलीत गेला, बाल्कनीत गेला. इकडं सगळे माना वर करून. बंडी हलली, खाली उतरली, खिसा उलटा झाला. वायरलेसमधून आवाज आला, "कार्ड मिळालं. फोटो बाईचा आहे. नाव गोजरबाई."

गोजरबाईनं बटवा उघडला. त्यात तिच्या आधारच्या जागी नवरा बसला होता, मिशासकट, डोळे वटारून. मुंबईले एकावर एक ठेवलेल्या कार्डातून दोघायनं एकमेकाचं उचललं होतं. पहिल्या दिवशी तो तिले काळजाजवळ घेऊन फिरला, ती त्याले दोन दिवस बटव्यात घेऊन, अन् पाहायची अक्कल दोघायलेबी नाही.

भगवंतरावनं फोटो पाह्यला, माणूस पाह्यला. "चला काका, तुम्ही आत. पण आता बाईचं कार्ड जहाजावर."

"मंग मीबी नाही जात," उकंडराव म्हणे, अन् गेटच्या बाहेरच उभा राह्यला.

"एकट्यानं जायचं नसलं तर बाईची ओळख द्या. आता कागद तुमच्या हातात आहे, तुम्हीच सांगा, ही बाई कोण?"

"आमच्या घरची."

"नाव?"

उकंडराव लाजला. तुम्ही पाह्यला असता तर म्हटलं असतं, साठीचा माणूस नाही, हळद लागलेला नवरदेव आहे. जन्मभर त्यानं तिले 'अवं' म्हटलं, 'ऐकते का' म्हटलं. नाव? नाव कोण घेते?

"काऊन? घ्या ना आता!" गोजरबाई पदराआडून म्हणाली. "मले म्हणत होते ना, रीत सुचते म्हणून!"

पाचले सात मिनिटं कमी. उकंडरावनं घसा साफ केला अन् सगळ्या बंदराले ऐकू जाईल असं म्हटलं:

"निळ्या निळ्या समुद्रात जहाज उभं डौलात,
गोजरबाईचं कार्ड वाळते माह्या बंडीच्या खिशात!"

टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही. भगवंतराव पोटभर हसला, वायरलेसवर कार्डाची खात्री करून घेतली, वहीत सही घेतली अन् दोघायले आत सोडलं. शिडी उचलायच्या बेतात ते चढले. त्या रात्री टेबलावर सुधाकररावनं भाजीचं भांडं पुढं केलं अन् मोठ्यानं म्हटलं, "घ्या उकंडराव!" तर गोजरबाई खाली मान घालून हसली, अन् पोळी मोडायचीच विसरली.

तर झाली गोष्ट. आता चहा घ्या, अन् माहं एक काम करा. देऊळघाटावरून कधी गेले, तर त्यायच्या घरासमोर गाडी थांबवा अन् त्याले पूर्ण नावानं हाक मारा. घसा फाडून मारा. तो घरी नसला तरी मारा. आत चुलीपाशी ती असते, अन् तिले ते नाव स्वतः घेता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायले लय आवडते.