पाठ न दाखवणारे दिगूभाऊ

पुलगावच्या बाजारात दिगूभाऊ उलटे चालायचे. तोंड स्टेशनकडे आणि जाणं भाजीच्या दुकानांकडे. फुटबॉलमध्ये गोल राखणाऱ्या बॅकनं बॉलकडे पाठ करू नये हा त्यांचा नियम, आणि बॉल कुठूनही येऊ शकतो ही पक्की समजूत. एकदा असेच मागे सरत ते गाईवर आदळले. न वळताच म्हणाले, "माफ करजा, बाई." भाजीवालीला वाटलं आपल्यालाच म्हटलं. तिनं माफ केलं.

तरुणपणी ते गिरणीच्या टीमचे बॅक होते. नागपूरच्या एका फायनलमध्ये त्यांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "आता खेळणं विसरा." भाऊ म्हणाले, "खेळनं विसरतो. खेळवनं विसरा असं तुम्ही म्हटलं नाई."

आणि नव्वदच्या दशकात त्यांनी टीम काढली ती पोरींची! गाव हसलं. मी विचारलं, "भाऊ, पोरींची काऊन?"

"पोट्टे आरशात पाहून राह्यले, शेठ. पोरी बॉलकडे पाह्यतात."

माझं कापडाचं दुकान. माळ्यावरून मी टाकलेले साड्यांचे गठ्ठे माझी नंदा खाली उभी राहून झेलायची. ते भाऊंनी पाहिलं.

"शेठ, हे पोरगी गोलकीपर हाये."

"ती दहावीला आहे."

"मंग दहावीची गोलकीपर!"

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊ दुकानात ठाण मांडून बसले. चहा दिला तर म्हणायचे, "पोरगी मैदानात दिसली का मंग पेतो." लुगडं घ्यायला आलेल्या बायांना ते ऑफसाइड समजावून सांगत. बाया लुगडं न घेताच परत जात. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, पाठवा तिला. निदान दुकान तरी चालेल."

जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या ढिगावर भाऊंनी नंदाला झेप घ्यायला शिकवलं, मग मैदानावर. कोपरं सोलून ती घरी आली की बायको हळद लावता लावता भाऊंचा उद्धार करायची. भाऊ दारातूनच म्हणायचे, "वहिनी, हळद लग्नातच लागावी असं कुठं लिहिलं हाये?"

पहिल्या वर्षी नागपूरच्या स्पर्धेत पोरी सपाटून हरल्या. लोक टाळ्या पिटून हसले. परतीच्या गाडीत साऱ्या मुसमुसत होत्या. भाऊ म्हणाले, "रडून घ्या. पुलगाव येईपर्यंत. मंग नाई." गाडी फलाटाला लागली तशी त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर हजर राहायला सांगितलं. एकही पोरगी चुकली नाही. दुसऱ्या वर्षी एका गोलनं हरल्या. तेव्हाही तेच.

तिसऱ्या वर्षी त्याच पोरी फायनलला गेल्या; मीही बघायला गेलो. एका गोलची आघाडी, खेळ संपत आलेला आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नंदा आडवी पडलेली होती आणि बॉल तिच्या पोटाशी होता. भाऊ नाचले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "ऊठ. अजून खेळ संपला नाई."

पुढे त्यांच्या हाताखालच्या पोरी राज्याच्या टीममध्ये गेल्या, नंदा शाळेत खेळ शिकवणारी बाई झाली. भाऊंचे सत्कार झाले. पण मला आठवते ती फायनल जिंकली त्या दिवसाची संध्याकाळ.

स्टेशनवर ढोल, गुलाल. ज्यानं त्यानं आपापली पोरगी उचलून मिरवत घरी नेली. आम्हीही निघालो. अर्ध्या वाटेवर नंदा थांबली. "बाबा, भाऊंना कोणी नेलं?"

परत गेलो. रिकाम्या फलाटावर बॉलची जाळी मांडीवर घेऊन भाऊ बाकावर बसले होते. लग्न केलेलं नाही, आई गेलेली. कोण नेणार?

आम्ही त्यांना घरी आणलं. झुणका-भाकर वाढली. एकही सूचना न करता ते जेवले. नंदानं आग्रह करून वाढलेली भाकरही खाल्ली. निघताना उंबऱ्यात घुटमळले.

"काय झालं, भाऊ?" बायकोनं विचारलं.

"चुकलंच माह्यं, वहिनी," ते म्हणाले. "खुशीच्या भरात पोरींले दोन दिवस सुट्टी देऊन बसलो. आता मी काय करू दोन दिवस?"