हकीकत सोन्याच्या खोगिराची, मुक्काम इम्बाबा

शहर कैरो, पेठ इम्बाबा येथे वगदी वलद हाग बयूमी कलिंगडवाले यांनी बहुत शर्थ करोन सोन्याचे खोगीर काबीज केले आणि त्रिभुवनी कीर्ती जाहली. ऐसियास वाचणारांनी हे वाचलेच नाही ऐसे समजावे; कोणते खोगीर, कोण वगदी, काही ठाऊक नाही ऐसा चेहरा करावा, म्हणजे आम्हांस यथासांग सांगता येईल.

तर मूळ कारण ऐसे की, कंपनी सरकारांनी ‘वाळूचे स्वार’ नामे व्हिडिओ गेम काढण्याचा मनसुबा केला, आणि तो तयार नसता किंमत मात्र आगाऊ भरावी, जो भरील त्यास सोन्याचे खोगीर इनाम, ऐसे फर्मान मुलुखोमुलुखी फिरविले. वगदी, उमर कोवळी आणि मिशी त्याहून कोवळी, यांनी ते फर्मान फोनवर वाचिले आणि त्यांस अन्न गोड लागेना. मग साठविलेली ईदी, विकलेली सायकल आणि आत्याने चष्म्याकरिता दिलेले गिनी, म्हणजे तिकडील चलन, ऐसा सर्व खजिना एकवट करोन कंपनीकडे रवाना केला. खेळ कोणी पाहिला नव्हता. कंपनीनेही पाहिला नव्हता, ऐसे पुढे उघडकीस आले.

हे वर्तमान तीर्थरूप हाग बयूमींस कळले. हाग म्हणजे मिसरी बोलीत हाजी, हज करोन आलेले, आणि पेठेतील मातब्बर असामी. उभी हयात कलिंगड सुरीवर विकलेले. सुरीवर म्हणजे आधी फोड कापोन लाली दाखवावी आणि मग गिनी घ्यावे. पांढरे निघाल्यास गिऱ्हाईक मोकळे, आणि ते कलिंगड घरच्यांनी खावे. वगदींचा पिंड पांढऱ्या कलिंगडावरच पोसला होता. ऐशा घराण्यात न कापता खरेदी! हागांनी चहाचा पेला खाली ठेविला.

“म्हणजे तू बघितलंच नाहीस?”

“ट्रेलर बघितला ना, बाबा.”

“ते काय असतं?”

“जाहिरात.”

“अरे गाढवा, गाडीवर मीही ओरडतोच की, ‘साखर आहे, साखर!’ मला देतं का कुणी आगाऊ पैसे?”

मग मातोश्री सित्त इन्शिराह यांचे साक्षीने तह ठरला तो येणेप्रमाणे: खेळ लाल निघाल्यास दिवाणखान्यातील टीव्ही सबंध उन्हाळा वगदींचे अंमलाखाली राहील, पांढरा निघाल्यास टीव्ही मातोश्रींचे मालिकांस आंदण, आणि वगदींनी कलिंगडाचे गाडीवर चाकरी करावी. त्या गाडीस मर्गान नामे गाढव जुंपलेले असे, आणि ती गाडी नेमकी वगदींच्या दोस्तांच्या कॅफेपुढे उभी राही. सबब वगदींची अब्रू पणास लागली.

कंपनीने मुहूर्त पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला, आणि दर खेपेस क्षमापत्रासोबत खोगिराचे नवे चित्र धाडिले. अखेर खेळ अवतरला. तो इतका अगडबंब की घरचे महिन्याचे इंटरनेट त्याने एका घासात फस्त केले, आणि मातोश्रींचे कुवेतच्या बहिणीशी बोलणे अर्ध्यावर तुटले. मातोश्री तात्काळ शत्रुपक्षास मिळाल्या.

मग तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज आटोपून हाग आले, कमरेची सुरी मेजावर ठेविली आणि टीव्हीसमोर बैठक मारोन कापण्याची आज्ञा केली. वाळवंट उत्तम निघाले. सूर्यही उत्तम. मग स्वारांची फौज आली. हाती लगाम, पाय फाकलेले, बसण्याची ऐट सरदारी, आणि बुडाखाली काहीच नाही. वगदींनी घाईने कळ दाबिली, तेव्हा सोन्याचे खोगीर प्रकट जाहले आणि जमिनीपासून हातभर उंच, आपले आपण, दौडू लागले.

“घोडा कुठाय?”

“येतोय, बाबा. पुढच्या अपडेटला.”

“कधी?”

“लवकरच, इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला कंपनी म्हणाली, का तू?”

“मीच.”

“खोगीर मात्र छान आहे हो,” ऐसे मातोश्री वदल्या आणि त्यांनी रिमोट जप्त केला.

दुसरे दिवशी मशारनिल्हे वगदी गाडीवर रुजू जाहले. कॅफेतून मेदहत नामे जिवलग दोस्ताने हाक दिली, “काय सरदार, कलिंगडाची प्री-ऑर्डर घेताय का?” आणि वगदींस ती मसलत खरीच पसंत पडली. पहिल्याच बाईस ते म्हणाले, “मावशी, पैसे आत्ता द्या, लाली मागाहून येईल.”

“चालेल की, बाळा,” बाई कलिंगड काखोटीस मारीत वदल्या. “पैसेही मागाहून येतील.”

हागांनी धावत जाऊन कलिंगड सोडविले, कापिले, पांढरे निघाले, आणि रात्री वगदींचे ताटात पडले.

तथापि मोहीम वाया गेली ऐसे म्हणणारांच्या जिभा झडोत. माल संपला की वगदी मर्गानास सोडोन त्याचे उघड्या पाठीवर मांड ठोकीत आणि नदीकाठाने घरी येत, आणि कंपनीच्या साऱ्या स्वारांत ज्याचे बुडाखाली खरोखर जनावर आहे ऐसा स्वार हाच एक. ही फत्ते दप्तरी दाखल व्हावी.

सबब कंपनी सरकारांस अर्ज ऐसा की, घोडा आपणांकडे नाही, खोगीर आपणांकडे नाहक पडोन आहे, आणि जनावर आम्हांकडे हजर आहे; तरी सदरहू सोन्याचे खोगीर, किंमत आगाऊ भरलेली, मर्गानाचे मापाचे करोन इम्बाब्यास गाडीपाशी पोहोचते करावे. कापून दाखविल्याखेरीज घेतले जाणार नाही.