पाच झाडांचा परवाना

गांजा लावायचा, पण चोरून नाही, सरकारला विचारून लावायचा, असं ज्या दिवशी मी ठरवलं त्या दिवशी माझ्या अंगात ताप नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी बायको गुणाबाई अजूनही तो तापच होता म्हणते.

कारण होतं बैलाचं. चिखलणीत बैलाचं पोट बिघडलं की आमच्याकडे कोलू भाऊला बोलावतात. कोलू भाऊ म्हणजे कुरखेड्यापलीकडच्या जंगलातल्या गावचा गोंड वैदू. माणसाच्या नाडीला हात लावत नाही ("माणूस खोटं सांगते, बैल सांगत नाई"), पण जनावरांचा मोठा डॉक्टर. त्याच्या गोळीत चिमूटभर गांजाचा पाला पडतो आणि तो सरकारी दुकानातून आणायचा तर जाऊन येऊन दोन दिवस. तोवर बैल थांबला तर थांबला.

"कोलू भाऊ," मी म्हटलं, "आपण परवाना काढू. माह्या परसात लावू."

"अन् शिपायानं धरलं तं?"

"परवाना दाखवू."

"अन् परवाना बैलानं खाल्ला तं?"

(माणूस पुढचा विचार करणारा.)

चांद्याच्या कचेरीत मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मला दारात पाहून कारकुनानं स्वतःच कागद भरला. 'बैलांच्या औषधाकरिता, झाडे पाच.' जामीन म्हणून कोलू भाऊचा अंगठा. निघताना मी विचारलं, "साहेब, पाचाची चार झाली तं?"

"मग तुम्ही एक विकलं."

"अन् सहा झाली तं?"

"मग एक चोरून लावलं. दोन्हीले जेल. तुम्हाले अन् या बुढ्यालेही." असं म्हणून कारकून हसला. ते हसणं मी नीट पाहायला हवं होतं. पण माझी शाळा तिसरीपर्यंतच झाली. (चौथीत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला. मास्तर उठले, खुर्चीही उठली, मी घरी आलो.) परवान्याची पुढची बाजू मी बोट ठेवून वाचली, घडी घातली आणि टिनाच्या डबीत ठेवून दिला.

परसात, विहिरीजवळ, गुणाबाईच्या अंबाडीच्या वाफ्याशेजारी मी पाच रोपं लावली. आता ज्यांनी दोन्ही झाडं शेजारी शेजारी पाहिली नाहीत त्यांना सांगतो : अंबाडीचं पान आणि गांजाचं पान म्हणजे सख्खे मावसभाऊ. तशीच पाच बोटं, तसेच दाते. लांबून पाहिलं तर देवालाही कळू नये.

त्याच साली ग्रामसेवक सायकलवर पांढऱ्या खताची पिशवी घेऊन गावोगाव हिंडत होता. माझ्याही दारी आला. मी म्हटलं, "हे मीठ तुमच्याच वरणात घाला. आपलं झाड शेणावर वाढणार." मग काय, ईर्षेला पेटलो. शेणखत घातलं. राख घातली. कडुलिंबाचा पाला कुजवून पाणी घातलं. गोमूत्र घातलं. ताक घातलं. तेव्हा गुणाबाईनं विचारलं, "अजी, झाडाले पोळीही वाढू का?" एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण मला राहवेना. सकाळी झाडं चार बोटं वाढली नाहीत असं वाटलं की दुपारी पुन्हा काहीतरी घालायचो. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यातलं ताजं, गरम खत पाटीभर आणून दोन झाडांच्या बुडाशी ओतलं.

तिसऱ्या दिवशी ती दोन्ही झाडं पिवळी पडली. पाचव्या दिवशी वाळून कोळ झाली.

आणि त्याच दिवशी सांगावा आला की दसऱ्याच्या आधी आबकारीचे इन्स्पेक्टर गुणवंतराव तपासणीला येणार.

मी झाडं मोजली. तीन. चहा पिऊन मोजली. तीन. विहिरीकडून मोजली, गोठ्याकडून मोजली. तीनच. डोळ्यांपुढं कोलू भाऊचा तो शाईचा अंगठा यायला लागला. बिचाऱ्यानं माझ्या भरवशावर उमटवलेला. जेवायला बसलो तर घास उतरेना, उठून परत परसात. शेवटी हात आपोआप गुणाबाईच्या वाफ्याकडे गेला. दोन टंच अंबाडीची झाडं मुळाच्या मातीसकट उचलली आणि मेलेल्यांच्या जागी रोवली. मोजली. पाच!

पण अंबाडीला फूल येतं. तळव्याएवढं, पिवळं, मधोमध काळंजांभळं बूड. गांजाला असलं फूल आलेलं कोणी ऐकलंही नसेल. म्हणून रोज उजाडताच परसात जाऊन मी एकेक कळी खुडायचो. दुपारी पुन्हा पाहायचो, एखादी लपून राहिली असेल म्हणून. पंधरा दिवस पाठ टेकली नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळीच कोलू भाऊ दारात. खांद्यावर घोंगडी, हातात गाठोडं.

"हे काय?"

"मोहफुलं हायेत भाजलेली. जेलात काय देते काय नाई. कोंबडा शेजारच्या लालसूले देऊन आलो." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "मुखरू, जेलात झाड असते का रे? मी कौलाखाली निजलो नाई कधी."

दोन झाडं मेल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. नुसता इन्स्पेक्टर येणार एवढ्यावर बुढा तयारी करून आलेला! खरं काय ते सांगितलं असतं तर बहुतेक गाठोडं सोडून तिथंच बसला असता.

गुणवंतराव आले. बुटके, खाकी हाफपँट, डोळ्यांना जाड चष्मा. परसात गेले. मी मागं, कोलू भाऊ माझ्या मागं.

"एक, दोन, तीन," ते थांबले. "चार, पाच."

मग चौथ्या झाडाचं पान तोडून त्यांनी तोंडात टाकलं. अंबाडीचं आंबट पान. त्यांचा एक डोळा मिटला.

"बापरे," ते म्हणाले. "माल जबरदस्त आहे."

मला हसू फुटायला आलं होतं, ते खोकल्यात घालवलं. (आयुष्यभर लोकांना फसवलं, पण सरकारला फसवण्याची गंमत काही औरच. निदान तेव्हा तसं वाटलं.)

गुणवंतरावांनी पिशवीतून दोरा आणि लाख काढली. त्या दोन झाडांना दोरा बांधून लाखेची मोहर मारली आणि गंभीर आवाजात सांगितलं, "ही दोन झाडं खास जातीची. वरून हुकूम येईपर्यंत एक पान हलता कामा नये. परवानेदारानं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाच हातांच्या आत बसून पहारा करायचा. उठला, तर जामीनदार आत."

माझ्या पाठीमागं गाठोडं जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"बसतो साहेब," मी म्हटलं. "हा बसलो."

जाताना साहेब गुणाबाईकडे पाणी प्यायला थांबले. दोघं बराच वेळ बोलत होते. मला ऐकू आलं नाही, मी पाच हातांच्या आत होतो.

मग सुरू झाला माझा पहारा. हातात काठी, डोक्यावर दुपट्टा. कोलू भाऊही गावी न जाता गाठोडं उशाला घेऊन परसातच राहिला. गावात धान कापणी सुरू झाली, मी अंबाडी राखतोय. आणि मोहर लागल्यामुळं आता कळी खुडता येईना! तिसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या झाडावर फूल उमललं. चांगलं तळव्याएवढं. मी त्यावर टोपी घातली. पाचव्या दिवशी चार फुलं. टोपी एकच.

गावातली माणसं शेतावर जाताना मुद्दाम माझ्या परसाकडून जायला लागली.

"मुखरू भाऊ," सोमाजी म्हणायचा, "गांजाले अंबाडीचं फूल कसं आलं गा?"

"सरकारी गांजा असाच फुलते."

"काऊन?"

"मोहर मारली ना त्याले. चल, जा तुह्या कामाले."

ज्याच्या खुर्चीला मी डिंक लावला नाही असा एक माणूस गावात नव्हता. ते सगळे रांगेनं आले. कोणी विचारी, "तुले जेवाले तरी सोडते का?" कोणी गांजाला नमस्कार करून जाई. कोणीतरी तर झाडाला हळदकुंकू लावून गेली. मी काठी आपटत बसून. पाय आखडले, पाठ धरली. एक मुंगी माझ्या पायावरून गेली आणि परत आली तेवढीच काय ती हालचाल.

बाविसाव्या दिवशी सायकलची घंटा वाजली. गुणवंतराव परसात आले, खाली वाकले, दोन्ही मोहरा फोडल्या, झाडं उपटली आणि गुणाबाईच्या हातात दिली. "बाई, पाला जून झाला. पण वाख चांगला निघेल, दोर वळा."

मी बसल्या जागी गार. "साहेब, तुम्हाले..."

"मी मूल गावाकडचा. माह्या मायनं अंबाडीच्या जुड्या विकून मले शिकवलं." त्यांनी चष्मा पुसला. "मुखरू भाऊ, परवान्याची मागची बाजू वाचली का कधी?"

कोलू भाऊनं धावत जाऊन डबी आणली. मागच्या बाजूला छापलं होतं : झाड मेल्यास दोन ओळी लिहून कचेरीत कळवावे.

"कारकुनाची थट्टा होती ती," गुणवंतराव म्हणाले. "तीन झाडं तुमच्याकडेच राहू द्या. कोलूबाबा, बैलांची औषधं चालू ठेवा. तुमचा अंगठा एकदम साफ आहे."

कोलू भाऊनं गाठोडं सोडलं. उरलेली मोहफुलं साहेबाच्या ओंजळीत घातली आणि मला एकही दिलं नाही.

साहेब गेल्यावर मी उठलो. म्हणजे उठायला लागलो, गुणाबाईनं धरून उठवलं.

"तुले पहिल्याच दिवशी मालूम होतं?"

"हो ना. पाणी पेता पेता साहेबानं सांगतलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? बावीस दिवस एका जाग्यावर बसलो मी! कोणाची थट्टा नाई, गावभर हिंडणं नाई, दिवसा घरात पाऊल नाई!"

गुणाबाईनं अंबाडीची झाडं खांद्यावर टाकली. "साहेब म्हणत होते, तीन दिवस बसवू, पुरे होईल. मीच हात जोडून महिना मागितला. शेवटी बावीस दिवसांवर मिटलं."