रेघा आधी, अक्षरं शेवटी

नकाशेभाऊंनी एका रविवारी सकाळी, दाढीचा साबण अर्ध्या गालावर असताना, ठरवून टाकलं की आता साधं जगायचं. एवढ्यावरच थांबले असते तर त्यांचंही भलं झालं असतं आणि आमच्या मजल्यावरही शांतता राहिली असती. पण ते तसेच साबणाच्या तोंडानं आतल्या खोलीच्या दारात गेले आणि म्हणाले, "अगं, आपण शेतावर राहायला जातोय."

वहिनी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. पाय न थांबवता त्यांनी विचारलं, "कोणाच्या?"

(हा प्रश्न लक्षात ठेवा.)

"आपल्याच! म्हणजे सगळ्यांच्या. आठ कुटुंबांची सामायिक जमीन. एकच स्वयंपाकघर, पावसाचं साठवलेलं पाणी, रोज सकाळी तासभर मौन."

"मौन तुम्ही पाळणार?"

भाऊंनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. ही सगळी कल्पना त्यांच्या ध्यानवर्गाच्या ताईंची. ताई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. आवाज असा मऊ, की समोरचा हो म्हणून बसतो आणि कशाला हो म्हटलं ते घरी आल्यावर कळतं. आठ कुटुंबांनी मिळून एक पडीक तुकडा घेतलाही होता. आता तिथं घरं कुठं, विहीर कुठं, ध्यानाची खोली कुठं, हे ठरवायचं होतं. भाऊ जमीनमोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं नकाशे काढतायत म्हटल्यावर ते काम दुसऱ्या कुणाकडे जाणार?

वहिनी दोन दिवस शिवतच राहिल्या. तिसऱ्या दिवशी कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्या यंत्राशेजारी पूर्वेची खिडकी हवी. सकाळचं ऊन कापडावर पडलं पाहिजे. जागा मी स्वतः बघणार. तुमच्या नकाशात इंचाची जरी चूक निघाली, तर मी यायची नाही आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"इंचाची? अगं, एकतीस वर्षांत माझी रेघ केसभर हललेली नाही!"

आणि हे खरं होतं. भाऊंची पद्धतच पक्की. पातळ, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग कागदावर आधी सगळ्या रेघा ओढायच्या. अक्षरं आणि उत्तरेचा बाण शेवटी, पक्क्या प्रतीवर. कचेरीतल्या नव्या पोरींना ते बोट वर करून सांगायचे, "रेघा आधी, अक्षरं शेवटी!"

तर कचेरीतल्या मोजणीच्या कागदांवरून शेताच्या नकाशाच्या रेघा झाल्या. गाडीवाट मधोमध, डावीकडे आपला तुकडा, त्यात आठ घरं, एक विहीर आणि वहिनींची शिवणखोली. भाऊ मागे सरकून कौतुकानं बघायला लागले आणि कोपर चहाच्या कपाला लागलं. कागद चिंब. त्यांनी तो धुतलेल्या टॉवेलांच्या रांगेत चिमटे लावून वाळत घातला. संध्याकाळी काढला आणि पक्क्या प्रतीला बसले.

वहिनी जाता जाता म्हणाल्या, "अहो, उलटी बाजू वर आलीय का?"

"हे कापड नव्हे, ट्रेसिंग आहे."

झालं. नकाशा वर्गात गेला, सगळ्यांनी वाहवा केली. आता तुम्ही म्हणाल, जमीन घेताना कुणी बघितली नव्हती का? बघितली होती ना! पण ताईंनी सगळ्यांना गाडीतच डोळे मिटायला लावले होते. "जमीन पाहायची नसते, जाणवून घ्यायची असते," असं म्हणत त्यांनी आठही कुटुंबांना हात धरून अनवाणी फिरवलं. वर्गातल्या दातांच्या डॉक्टरांना काटा जाणवला. बाकीच्यांना शांती जाणवली. डोळे उघडले ते परत गाडीत बसल्यावर.

पुढचे तीन रविवार नकाशा हातात धरून श्रमदान झालं. वाळलेल्या पाल्याचं खत करायला दोन खड्डे खणले, दीडशे रोपं लावली, खुंट्या ठोकून घरांच्या दोऱ्या ताणल्या. भाऊंच्या तळहाताला फोड आले. ते त्यांनी मजल्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन दाखवले.

चौथ्या रविवारी वहिनी जागा बघायला निघाल्या. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताई, डॉक्टर, सगळे गोलात उभे. भाऊंनी वहिनींना दोऱ्यांच्या चौकोनात नेलं आणि हात पसरून म्हणाले, "ही तुझी शिवणखोली. ही खिडकी!"

वहिनी काल्पनिक यंत्रासमोर उभ्या राहिल्या. खिडकीकडे बघितलं. मग मान वळवून मागे बघितलं.

"अहो, सकाळचे साडेआठ वाजलेत ना?"

"हो."

"मग ऊन माझ्या पाठीवर का पडतंय?"

भाऊंनी सूर्याकडे असं बघितलं, जणू तोच जागा चुकला होता. "ऋतूप्रमाणे सरकतं थोडं."

"थोडं म्हणजे? पूर्वेचं पश्चिमेला?"

एवढ्यात गाडीवाटेवरून एक धिप्पाड बाई खांद्यावर फावडं टाकून आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्यांना नीट न्याहाळलं.

"तीन आठवडे बघतेय मी," त्या म्हणाल्या. "पहिल्या रविवारी वाटलं, सरकारी योजना असेल. दुसऱ्या रविवारी रोपं लावलीत. म्हटलं, चांगली माणसं आहेत, कशाला हटकायचं? पण आज बाई खोली बघायला आलेल्या दिसल्या, म्हणून विचारते. माझ्या शेतात कोण कोण राहायला येणार आहे?"

डॉक्टरांच्या हातातली झारी खाली पडली. ताईंनी घाईघाईनं डोळे मिटले. भाऊ दचकून मागे सरकले आणि थेट खताच्या खड्ड्यात बसले.

वहिनींनी शांतपणे त्यांच्या हातातला नकाशा घेतला, उन्हाकडे धरला आणि मागच्या बाजूनं बघितला. गाडीवाट मधोमध. तुकडा डावीकडे, वाटेच्या पलीकडे. खिडकी पूर्वेला.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त आतली बाजू बाहेर आलीय."

खड्ड्यातून भाऊंचा आवाज आला, "म्हणजे... तू आता यायची नाहीस?"

भाऊंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी आखल्या होत्या बिचाऱ्यांनी. स्वतःसाठी रेघ ओढली ती ही पहिलीच.

वहिनींनी मालकीणबाईंकडे बघितलं. "रोपं राहू द्या तुमच्याकडेच. खड्डे आम्ही बुजवून देतो."

"बुजवू नका, मलाही खत लागतं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण पलीकडे पुन्हा खणताना या बाईंना विचारून खणा. तुमच्यात डोळे उघडे असलेल्या या एकट्याच दिसतात."

"अगं, पण तू येणार का?" भाऊ.

"चूक निघाली तर येणार नाही म्हणाले होते. ही चूक कुठाय? उलटं शिवलंय. उलटं शिवलेलं उसवून सुलटं करण्यात माझं आयुष्य गेलं. उठा आता, शर्टाला पाला लागलाय."

त्याच आठवड्यात वर्गात एकमतानं ठरलं, नवा नकाशा वहिनींनी काढायचा. त्यांनी कपडे बेतायच्या पातळ कागदावर ठळक पेन्सिलीनं रेघा ओढल्या. तासाभरात शेत तयार. भाऊ कोपऱ्यात हिरमुसून बसलेले बघून त्यांनाच वाईट वाटलं. "अहो, अक्षरं तुम्ही घाला. तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही."

भाऊंची कळी खुलली. त्यांनी चहाचा कप मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला. दुपारभर खाली मान घालून लिहिलं. विहीर, ध्यानाची खोली, शिवणखोली, एकेक अक्षर मोत्यासारखं. उत्तरेचा बाण तर असा काढला की बघत राहावं. मग वर्गात सगळ्यांसमोर त्यांनी कागद वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी तो बघितला. मग उलटा केला. मग पुन्हा सुलटा केला. रेघा एका बाजूला होत्या, अक्षरं दुसऱ्या बाजूला.

ताई हलकेच म्हणाल्या, "चला, आपण सगळे डोळे मिटू या."

सगळ्यांनी मिटले. वहिनींनी मात्र एक उघडा ठेवला, आणि तो भाऊंवर होता.